लाल टिकलीचा गठ्ठा

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की लाल टिकलीचा गठ्ठा संपला होता.

तुम्ही म्हणाल, संपला तर संपला, त्यात दचकायचं काय? अहो, माझ्या हिशेबानं त्या गठ्ठ्याला कुणी हातसुद्धा लावणार नव्हतं! हिरवा भराभर उतरायला हवा होता, पिवळा जरा सावकाश, आणि लाल नुसता धूळ खात बसायला हवा होता. आणि इथं हिरवा जसाच्या तसा, पंख्याच्या वाऱ्यावर कोपरा हलवत माझ्याकडं बघतोय, आणि लालच्या जागी मोकळं टेबल! त्या मोकळ्या जागेकडं बघता बघता मी दचकलेच. तशी मी कशानंही दचकते म्हणा. स्टेपलर वाजला तरी मी खुर्चीतून उडते. पण हे जरा वेगळं होतं.

थांबा. हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. घोटभर चहा घ्या आणि नीट ऐका, म्हणजे मी किती उंचावरून पडले ते तुम्हाला कळेल.

मोबाइलचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. बी.कॉम. होऊन मी कोल्हापुरात, शाहूपुरीत मगदूम सरांच्या ऑफिसात चिकटले होते. सर म्युच्युअल फंडांचे एजंट. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, एक पंखा, एक फोन, फॉर्म ठेवायचं एक लांब टेबल आणि मी. खाली गुळाच्या अडत्यांची दुकानं. दुपार झाली की उन्हात तापलेल्या गुळाचा वास जिना चढून वर यायचा, आणि डोळे उघडे ठेवूनसुद्धा माणूस झोपेत जायचा. मी तर जायचेच. सर समोर काहीतरी बोलत असायचे, मी 'हो सर, हो सर' म्हणत असायचे आणि मनानं कुठल्या कुठं गेलेली असायचे.

त्यात त्या योजनांची नावं! अहाहा! स्वप्नं पडावीत अशीच नावं. एक होती 'गरुडझेप'. एक होती 'निवांत'. मला वाटायचं, 'निवांत' म्हणजे कुणी पांढऱ्या साडीतल्या, चष्मा लावून वाती वळत बसलेल्या मावशी. आणि 'गरुडझेप' म्हणजे बुलेटवरून केस उडवत जाणारा कुणीतरी. कुठं जाणारा? तर अर्थातच आमच्या ऑफिसवरून, आणि वर बघत!

पण खरी गंमत आत. ही गरुडझेपवाली योजना सगळे पैसे सरकारी रोख्यांत घालून गपगार बसलेली, आणि निवांत मावशी सगळ्याच्या सगळ्या शेअरबाजारात फुगडी घालतायत! म्हणजे आमच्या आईच्या फडताळासारखंच. चहाच्या डब्यात मोहरी, साखरेच्या डब्यात मेथ्या. आईला सगळं पाठ, पण पाहुणा चहा करायला गेला की संपला.

म्हणून तर मुंबईच्या नियमवाल्या साहेबांनी फंड कंपन्यांना बजावलं होतं, की बाबांनो, नाव काय वाटेल ते ठेवा, पण त्याखाली योजना कुठल्या वर्गातली ते लिहा. शेअरची, रोख्यांची, की दोन्ही मिसळलेली, जे असेल ते. कंपन्या लिहीत होत्याही. पण कशा? नावाखाली मुंग्यांची रांग जावी तशा अक्षरात आणि इंग्रजीत! वाचणार कोण?

एके दिवशी सर म्हणाले, "सुजाता, ह्या टेबलावर नुसता भाजीबाजार झालाय बघ. येणारा माणूस ह्यातलं काय उचलंल आणि काय न्हाय, पत्त्या न्हाय. त्या खालच्या ओळी वाच आणि एकसारखं लावून ठेव जरा."

मी लावलं हो! जीव ओतून लावलं. प्रत्येक फॉर्मची मुंगीओळ डोळे फाडून वाचली. चुकू नये म्हणून परत वाचली. मग मनात आलं, की मी वाचलं, पण गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं? पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. लाल, पिवळ्या, हिरव्या. आणि एकदम डोक्यात उजेडच पडला! जिथं पैसा हलणार नाही तिथं हिरवी टिकली. थोडा इकडं, थोडा तिकडं, तिथं पिवळी. आणि सगळा शेअरबाजारात जाणार, म्हणजे वर गेला तर गगनात आणि खाली आला तर खड्ड्यात, तिथं लाल. धोका! दसरा चौकातल्या सिग्नलसारखं. सांगायचीसुद्धा गरज नाही. लाल दिसला, की माणूस थांबणारच!

आमच्या गावात लाल सिग्नलला थांबतं कोण, हा साधा प्रश्न तेव्हा मला पडला असता, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं.

सरांनी गठ्ठे बघितले. म्हणाले, "व्वा! बायकामाणसाचा हात लागला की कागदसुद्धा नटतोय बघ." मी लाजले. टिकल्यांचा अर्थ सांगितला का? नाही सांगितला. मला वाटलं, त्यांना कळलाच असणार. कागदावर लिहून भिंतीला लावला का? नाही लावला. कारण मी त्या वेळी मुंबईत होते.

म्हणजे मनानं हो! समुद्राकाठी उंच इमारत, काचेच्या खिडक्या. पांढऱ्याशुभ्र शर्टातले नियमवाले साहेब सगळ्या देशाच्या फंडांचे डबे नीट लावायला बसलेत आणि काही केल्या जमत नाही. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यापुढं माझा हिरव्या टिकलीचा फॉर्म ठेवतं. साहेब चष्मा काढतात. म्हणतात, "ही कल्पना कुणाची? कोल्हापूरची? बोलवा त्यांना." आणि मी जाते. कुठली साडी नेसून जाते तेसुद्धा ठरलेलं होतं. अबोली.

आणि नेमक्या त्याच घडीला, मी त्या काचेच्या इमारतीच्या पायऱ्या चढत असताना, हुपरीच्या मालनकाकू आल्या.

मालनकाकू घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायच्या, एका व्यापाऱ्याच्या मजुरीवर. बोलणं असं, की खालच्या गुळाच्या दुकानातल्या माणसानं वर बघावं. पण माझ्यावर जीव. पोतं उचलावं तसा माझा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "खात जा गं कायतरी, वारं आलं तर उडून जाशील."

त्या दिवशी माझ्यापुढं बसून म्हणाल्या, "हे बघ पोरी, दिवाळी झाली की मी कड्या पाडायचं मशीन घेणार हाय. सवताचं! मग त्या शेठच्या दारात वजन करून घ्यायला उभं ऱ्हायचं बंद. पैसा साठवलाय, पन घरात ऱ्हाईना झालाय. कोन न् कोन मागाय येतंयच. तवर ह्यात ठेवतो. दिवाळीपतूर हाय असाच राहिला पायजे बघ, काय?"

मी पायऱ्या चढत होते.

काकूंनी टेबलावरून एक फॉर्म उचलला. "ह्यो लाल टिकलीचा नेऊ न्हवं?"

साहेबांनी दार उघडलं होतं. म्हणाले, या.

"हो हो, न्या," मी म्हटलं.

हा सगळा प्रकार माझ्या कानावर पडला होता बरं का, पण आत पोचला नव्हता. पोस्टात पत्र पडून राहावं तसा तो कुठंतरी पडून राहिला.

आता या त्या मोकळ्या टेबलाकडं. सकाळची वेळ. सर आरशात बघून भांग पाडत होते, शेजारी त्यांची फुगलेली रेक्झिनची बॅग.

मी विचारलं, "सर, लाल गठ्ठा कुठं गेला?"

"हुपरीला चाललाय की!" सर एकदम खूश. "अगं, त्या मालनकाकूंचा काल फोन आलता, तू घरला गेलतीस तवा. त्यांच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना तसलाच फॉर्म पायजे म्हणत्यात. आज सगळ्याजणी जमल्यात. सह्या, चेक सगळं गोळा करून येताना थेट फॉर्म घेत्यात त्या कलेक्शन सेंटरवर टाकूनच येतो. तीनच्या आत."

"पण सर, लाल तर थोडेच होते…"

"व्हय, कमी पडले. मग कपाटातलं हाताला लागतील ते सुट्टं फॉर्म काढलं. तुझ्या ड्रॉवरमधी टिकल्यांचं पाकीट हुतं, त्यातल्या लाल लावून टाकल्या की! बायकास्नी लाल पायजे, तर लाल द्यायचं. आपलं काय जातंय?"

आणि गेले. खाली स्कूटर खोकली, पेटली, लांब गेली.

मला काय वाटायला हवं होतं? आणि काय वाटलं सांगू? अभिमान! माझ्या टिकल्या हुपरीपर्यंत पोचल्या! मी खुर्चीत टेकले. खालून गुळाचा वास आला. चांदीच्या गावात चांदीसारख्या हसणाऱ्या बायका, प्रत्येकीच्या हातात माझी टिकली लावलेला फॉर्म… साहेब म्हणत होते, "सुजाताताई, आता सगळ्या देशात हीच पद्धत करू या…"

"ओ पोरी! झोपलीस का?"

मी किंचाळले! समोर साळोखे आजोबा. आमच्या खालच्या गल्लीतलेच, पेन्शनर. फुटबॉल म्हटलं की ताटावरून उठणारे.

"माझ्याच नावानं वराडलीस व्हय गं? बस, बस. एक पिवळा दे."

मी छाती धरून उठले आणि पिवळा फॉर्म दिला. मनात म्हटलं, बघा, शहाणा माणूस. फार धोका नको, अगदीच गप्प बसणंही नको, मधला मार्ग. न राहवून विचारलंच, "आजोबा, पिवळाच का हो?"

आजोबा माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले, की जणू मी त्यांना त्यांचं नाव विचारलं.

"पिवळाच का म्हंजे? आमच्या पेठेच्या टीमची जर्सी कंची हाय?"

माझ्या पायाखालची फरशी थोडीशी सरकली.

"आणि… आणि हिरवा, आजोबा?"

आजोबांनी हिरव्या गठ्ठ्याकडं बघून तोंड असं केलं, की जणू मांजर आडवं गेलं. "हिरवा? मागच्या फायनलला त्यांनीच हरवलं न्हवं का आमाला! शिवणार न्हाय मी."

"आणि लाल?"

"लाल आमी बापय मानसं कशाला घिऊ? कुंकवाचा रंग. शुभ कामाचा पैसा असला की बायका त्योच घेत्यात. आमची ही सकाळपास्नं म्हणतीया, येताना एक लाल बी आना. हाय का?"

फरशी पूर्ण गेली.

सगळं एकदम आत पोचलं हो! पोस्टात पडून राहिलेलं पत्र दाणकन छातीवर आपटलं. मालनकाकू! मशीन! दिवाळीपतूर हाय असाच राहिला पायजे! आणि काकूंच्या हातात काय? तर निवांत मावशीची फुगडी! त्यातही गंमत अशी, की काकूंचा तरी फॉर्म मला माहीत होता. भिशीतल्या बाकीच्या बायकांच्या हातात कुठला आहे ते त्या मुंबईच्या साहेबांना काय, खुद्द ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सरांनी सगळ्यांनाच लाल टिकली लावलेली! कुणी शेअरबाजारात, कुणी रोख्यांत, आणि दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी!

साळोखे आजोबांना कसंबसं जिन्यापर्यंत पोचवलं आणि फोनवर झडप घातली.

आधी सरांचा मोबाइल. तो बंद. सर तो कायम बंदच ठेवायचे. म्हणायचे, "इनकमिंग फुकट झालं, चार्जिंग झालंय का?" तिकडून ती रेकॉर्डवरची बाई गोड आवाजात म्हणाली, की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती उपलब्ध नाही. मी घाबरून तिलाच म्हटलं, "बरं ताई, सॉरी हं."

मग हुपरी. काकूंच्या घरात फोन नव्हता. शेजारी पैंजणांना पॉलिश करायचा कारखाना होता, तिथला नंबर त्यांनी दिला होता. फिरवला. रिंग जायला लागली.

जात राहिली.

तुम्हाला खरं सांगू? एवढ्या धास्तीतही माझं मन काही जागेवर राहीना. मला ती रिंग जाताना दिसायला लागली. शाहूपुरीतून निघाली, तारेवरून उसाच्या शेतांवर गेली, पाटाच्या पाण्यावर तिची सावली पडली, एका बगळ्यानं मान वर केली, आणि ती हुपरीच्या त्या कारखान्यात शिरली. तिथं पॉलिशचं पिंप घरघरत फिरतंय, आत पैंजण माशांसारखे चमकत उलटेपालटे होतायत, आणि कोपऱ्यातला फोन बिचारा बोंबलतोय. त्या घरघरीत ऐकणार कोण?

रिंग थांबली. परत फिरवला. परत बगळा, परत मासे.

परत.

आता एंगेज! देवा, मी इथून बोलत नाही, तर मग तिथं बोलतंय कोण?

मधल्या वेळात मला सगळं दिसून गेलं. दिवाळी झालीय. बाजार पडलाय. काकू त्या शेठच्या दारात, तराजूसमोर उभ्या आहेत. शेठ हसतोय. काकूंचं मशीन पंख फुटल्यासारखं ढगात चाललंय आणि काकू खालून वर बघतायत, ओरडत नाहीत. काकू ओरडत नाहीत, हे चित्र काही मला सहन होईना. ते पांढऱ्या शर्टातले साहेबही दिसले. अबोली साडीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खिन्न आवाजात म्हणाले, "आम्ही निदान मुंगीएवढ्या अक्षरात तरी लिहीत होतो हो."

घड्याळाकडं बघवेना. सर निघाले असतील का? बॅग स्कूटरला अडकवली असेल का? मी परत नंबर फिरवला. घाईत एक आकडा चुकला आणि मध्ये एकदा कुरुंदवाडच्या कुणाकडं तरी लागला.

"कोण बोलतंय?" तिकडून एक भारदस्त आवाज.

"मालनकाकू आहेत का?"

"पावणं, हितं मालन न्हाय. म्हस व्यालीया आमची. नंतर करा."

मी त्यांनाही सॉरी म्हटलं. म्हशीचं अभिनंदनही केलं, असं आठवतं.

मग शेवटी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि मनाशी वाक्य घोकायला घेतलं. सोपं वाक्य. 'काकू, सही करू नका. लाल म्हणजे धोका. चूक माझी आहे.' बस्स. एवढंच बोलायचं. परत घोकलं. काकू, सही करू नका. लाल म्हणजे धोका. रिंग जात होती. काकू, सही करू नका. बगळा उडून गेला. काकू, सही…

खट्!

"हॅलोऽऽऽ! कोन हाय? बोला की!"

मालनकाकू! साक्षात! आवाज असा, की माझ्या हातातला रिसीव्हर उडून परत हातात आला. आणि मी इतकी दचकले, इतकी दचकले, की घोकलेलं सगळं पुसून गेलं. डोकं कोरी पाटी, तोंडातून नुसतं 'का… काकू' एवढंच. काकू तिकडून ओरडतायत, "कोन, सुजाता व्हय गं? सर बसल्यात हितं, च्या पित्यात. घरात मावंना म्हून समद्या हितं कारखान्यात जमल्यात, पेन घिऊन बसलोय, आन् तू मुकी का झालीस? कायतरी बोल की!"

काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं. आणि त्यातून काय बाहेर पडावं? टीव्हीवर जाहिरातीच्या शेवटी तो माणूस एका दमात, पाठीमागं वाघ लागल्यासारखं म्हणतो ना, तेच! तसंच्या तसं, त्याच वेगात!

"म्युच्युअल-फंडातील-गुंतवणूक-ही-बाजारातील-जोखमीच्या-अधीन-आहे-कृपया-गुंतवणुकीपूर्वी-योजनेसंबंधीची-सर्व-कागदपत्रे-काळजीपूर्वक-वाचावीत!"

आणि रडायलाच लागले.

 तिकडं कुणीतरी पॉलिशचं पिंपच बंद केलं असावं, कारण मला सरांच्या कपबशीचा आवाज ऐकू आला. मग मालनकाकूंनी रिसीव्हर बाजूला धरून दिलेली हाक साऱ्या हुपरीनं ऐकली असेल.

"बायांनो, पेनं खाली ठेवा गं समद्यांनी! कुनी सही करायची न्हाय! सर, तुमी बी बसा खाली!"

मग आवाज परत माझ्या कानाशी आला, जरा खाली उतरलेला.

"हां. आता बोल बाई सगळं. पन माणसासारखं बोल."